टोचल्यानंतर

बसमध्ये मागच्या बाकावर जागा मिळाली की पुढच्या माणसांचे कान बघत बसायची मला सवय आहे. चेहऱ्यांकडे असं बघता येत नाही. कोणी बघतंय हे चेहऱ्याला कळतं आणि तो लगेच नीटनेटका होतो. कान बेसावध असतात, त्यातून मागून पाहिलेला कान तर सगळंच सांगून टाकतो. पुढे खडा चमकत असेल, मागे फिरकी असते, फिरकीभोवती काळपट गोल असतो, एखाद्या पाळीमागे हरभऱ्याएवढी गाठ असते. एखाद्या आजींच्या पाळीला भोक असं राहिलेलंच नसतं. सरळ खालपर्यंत चीर गेलेली असते आणि तिच्या जरा बाजूला नवं भोक पाडून त्यात तीच जुनी मोत्याची कुडी बसवलेली असते. सत्तरीच्या घरातल्या पुरुषांच्या पाळीवर पुष्कळदा एक बारीकसा खळगा सापडतो. बारशाच्या सुमाराला टोचलेला, शाळेत पोरं चिडवायला लागल्यावर मोकळा सोडलेला, मग आपोआप बुजलेला. आपल्या कानात कधीकाळी बाळी होती हे त्या गृहस्थांना आता आठवतही नसेल. पुण्यात मधूनच एखादी भिकबाळीही दिसते, कानाच्या वरच्या भागात, आणि तिचा मालक बहुधा ती दिसेल अशाच बेताने मान वळवून बसलेला असतो.

माझ्या स्वतःच्या कानांचं म्हणाल तर डावं भोक उजव्यापेक्षा तांदळाच्या दाण्याइतकं खाली आहे. वाईच्या आमच्या घरी सोनार आला होता. ही हकिगत अर्थात आईकडून ऐकलेली. मी आईच्या मांडीवर, तोंडात गुळाचं बोट, आणि दोन्ही पाळ्यांवर कुंकवाचे ठिपके देऊन ते सारखे आहेत ना हे सोनार मान मागेपुढे करून बघतोय. सोन्याच्या तारेचं टोक त्याने घरूनच कानशीने घासून आणलं होतं. उजवा कान टोचला तेव्हा काय होतंय ते मला कळलंच नाही म्हणे. डाव्याच्या वेळी कळलेलं होतं. मान हलली, ठिपका एकीकडे राहिला आणि तार दुसरीकडून गेली. सोनाराला नारळ, पानसुपारी आणि दक्षिणा ठरल्याप्रमाणे मिळाली. सोनाराने टोचले म्हणजे कान दुखत नाहीत असं आपल्याकडे म्हणतात. ज्याने ही म्हण काढली त्याचे कान टोचलेले नसावेत.

पुढे कितीतरी दिवस आई कोमट खोबरेलात हळद कालवून त्याचं बोट लावी आणि तार अलगद फिरवी, आत चिकटू नये म्हणून. आजचे डॉक्टर तार फिरवायला सक्त मनाई करतात. फिरवली की आत नुकती धरू लागलेली कातडी पुन्हा सोलवटते. आईला हे सांगितलं तर ती म्हणते, "मग तुझा कान पिकला का?" पिकला नव्हता. यापुढे डॉक्टरांनी काय बोलावं?

टोचलेला कान ही एक जखम असते, आणि ती भरून येऊ नये अशी तजवीज आपण तिच्यात तार घालून केलेली असते, हे कौतुकाच्या गडबडीत राहूनच जातं. शरीराला जखमा भरायची सवय. इथे भरायला गेलं की मध्ये सोनं आडवं येतं. मग ते वेगळी वाट काढतं. दोन्ही तोंडांकडून कातडी तारेच्या अंगाने आत सरकत जाते आणि मधोमध एकमेकींना मिळते. कातडीचं अस्तर लागलेला असा बोगदा तयार झाला की मग आपण म्हणतो, कान बरा झाला. पाळीला याला 6 ते 8 आठवडे लागतात. कानाची वरची कड कुर्चेची असते, तिला 6 महिन्यांपासून वर्षभर. बेंबीलाही तेवढेच. म्हणजे ज्याला आपण नुसतं भोक म्हणतो तो मुळातच एक व्रण आहे, फक्त आपल्याला हवा असलेला. त्याच्या शेजारी न मागितलेला व्रण उठला, डाग पडला, की मात्र आपण आरसा घेऊन खिडकीशी जातो. एवढं राहू दे, तेवढं नको, अशी आपली शरीराकडे मागणी असते. बहुतेकांची शरीरं ती निमूट मान्य करतात, याचंच खरं तर नवल वाटायला हवं.

माझ्या भाचीच्या शरीराने केली नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना ती मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये गेली आणि कानाच्या वरच्या कडेला टोचून घेऊन आली. त्या जागेला आता हेलिक्स म्हणतात. आमची आजी त्याच जागी बुगडी घालत असे. आजीच्या बुगडीच्या आठवणींनी डोळ्यांत पाणी आणि नातीच्या हेलिक्सवर तोंड वाकडं, हे दोन्ही आमच्या घरात एकाच संध्याकाळी झालं. जागा तीच होती, हत्यार निराळं होतं. पाळी म्हणजे चरबी आणि कातडी, तिथे रक्ताला तोटा नाही. कुर्चेत मात्र रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून जे झिरपेल त्यावर तिचं भागतं, म्हणून तिचं दुखणं हळू उतरतं आणि तिथे पू झाला तर कानाचा आकारच बिघडू शकतो. धारदार सुई तिच्यातून निदान नीट चिरत जाते. मॉलमधल्या बंदुकीने बोथट टोकाचा खडा जोरात दाबून घुसवतात, त्यात कुर्चा चेचली जाते.

पहिले काही दिवस कान तांबूस आणि गरम होता. मग ते उतरलं. आणि सगळं निवळलं असं वाटत असताना, दोनतीन महिन्यांनी, भोकाच्या मागे काहीतरी कडक हाताला लागू लागलं. खाज सुटायची. तोवर घरात औषधोपचार समिती स्थापन झाली होती. ताईने हळद आणि खोबरेल काढलं. शेजारच्या काकूंनी लसूण ठेचून बांधायला सांगितली. कुणी टूथपेस्ट सुचवली, कुणी लिंबू. भाचीने मोबाइलवर बघून ॲस्पिरिनची गोळी कुटून तिचा लेप लावला, त्याने कातडी आणखी चिडली. लिंबू तर भलतीच चीज. त्याचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि पुढे कित्येक आठवडे ती जागा काळी राहते. आत्याने सहाणेवर जायफळ उगाळून द्यायची तयारी दाखवली. जायफळ वांगावर लावतात, गाठीवर नाही, हे आत्यालाही ठाऊक होतं. पण सगळ्यांनी काही ना काही सुचवलेलं असताना आपण गप्प बसणं तिला बरं दिसेना.

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी कान दोन बोटांत धरून गाठ दाबून पाहिली आणि विचारलं, घरात कुणाच्या छातीवर, खांद्यावर अशी गाठ आहे का? होती. मेव्हण्यांच्या छातीवर, कधीच्या एका फोडाची. मग त्यांनी केलॉइड हा शब्द उच्चारला. साधा जाड व्रण जखमेच्या हद्दीत राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत पुष्कळसा बसतो. केलॉइड हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीत शिरतं आणि आपण होऊन सहसा मागे फिरत नाही. गोऱ्या कातडीपेक्षा सावळ्या आणि काळ्या कातडीला ते जास्त धरतं, वय 10 ते 30 च्या दरम्यान जास्त. तान्हेपणी टोचलेल्या कानांना हा धोका बराच कमी. हे आत्याच्या कानावर गेलं तेव्हा तिने कुणाकडेही न बघता फक्त पदर सारखा केला.

बाईंचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. त्या म्हणाल्या, "हिची जखम केव्हाच भरलीय. हिच्या कातडीला थांबायचं कळलेलं नाही." जखम झाली की शरीर तिथे कोलॅजनचे तंतू विणायला घेतं. आधी घाईघाईने कच्चे, मग ते काढून पक्के. हे काम आतल्या आत वर्षभरही चालतं, आणि एवढं करून नवी कातडी जुनीच्या फार तर 80 टक्के मजबूत होते. कधीतरी काम पुरं होतं आणि विणणारे हात थांबतात. केलॉइडमध्ये ते थांबत नाहीत. मला आपल्या पंगतीतला आग्रही वाढपी आठवला. आपण पानावर आडवा हात धरलेला, मान हलवून हलवून दुखलेली, पुरे पुरे म्हणतोय, आणि तो बोटांच्या फटीतून जिलबी सोडतोच. त्याच्या मनात वाकडं काही नसतं, मायाच असते. भाचीच्या कानामागे अशीच कुणाची तरी माया साठत चालली होती आणि ती दगडासारखी लागत होती.

यावरचा उपाय म्हणजे ट्रायमसिनोलोन नावाचं स्टेरॉइड थेट गाठीत टोचायचं, 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने, गाठ बसेपर्यंत. ताईला सुई बघवत नाही म्हणून मी बरोबर जाऊ लागले. सिरिंज छोटीशी असते, पण सुई तिच्यावर नुसती खोचून चालत नाही, पेचाने फिरवून घट्ट बसवावी लागते. गाठ इतकी चिवट असते की दाबाने साधी सुई निसटून उडेल. बाईंनी गाठ डाव्या हाताच्या चिमटीत पक्की धरली आणि उजव्या अंगठ्याने दांडा दाबला. त्यांच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं. सिरिंजमधलं दुधट औषध जागचं हलेना. मग एकदम थोडंसं सरकलं, आणि गाठीचा जांभळट गुलाबी रंग एका कडेकडून उडत उडत पलीकडच्या कडेपर्यंत गेला. गाठ मेणासारखी पांढरी झाली. "आता पुरे," बाई स्वतःशीच म्हणाल्या आणि सुई काढली. भाचीने तोवर माझं मनगट धरलं होतं, तोंडातून शब्द काढला नव्हता. बाहेर आल्यावर म्हणाली, "मावशी, टोचताना याच्या पावपटही दुखलं नव्हतं गं."

कापून का टाकत नाहीत, असं ताईने विचारलंच. नुसतं कापलं तर निम्म्याहून जास्त वेळा ते परत येतं, कधी कधी पहिल्यापेक्षा मोठं होऊन, कारण कापणं म्हणजे त्या कातडीला पुन्हा एक जखम भरायला देणं. म्हणून कापल्यानंतर परत इंजेक्शनं, क्वचित किरणोपचार, किंवा दाबाचा चिमटा. हा चिमटा मी पहिल्यांदा तिथे पाहिला. दोन चकत्या, मध्ये पेच, पाळी दोन्हीकडून दाबून धरणारा, रोज बरेच तास आणि असे कित्येक महिने वापरायचा. बाईंच्या टेबलावर होता त्याच्या वरच्या चकतीवर चक्क खडे बसवलेले होते. लांबून बघणाऱ्याला कानातलंच वाटेल. सिलिकॉनच्या पट्ट्याही असतात, पारदर्शक, कातडीला धरून राहणाऱ्या. त्याही दिवसाचे 12 तास तरी लावायच्या आणि महिनोन्‌महिने. या सगळ्या उपचारांत चटकन होणारं असं काही नाही.

काही महिन्यांनी गाठ बरीच बसली. पण तिच्या भोवती एक फिकट, पांढुरका चट्टा उठला. स्टेरॉइडने होतं असं, भरेल रंग हळूहळू, बाई म्हणाल्या. ताई हवालदिल झाली. आधी काळं होतं म्हणून रडत होतो, आता पांढरं म्हणून.

त्या सुमाराला मी घरातलं सुश्रुतसंहितेचं मराठी भाषांतर काढून बसले. सूत्रस्थानाचा 16 वा अध्याय कान टोचण्याचा आणि फाटलेली पाळी सांधण्याचा आहे, हे ऐकून माहीत होतं. वाचायला बसल्यावर मजा वाटली. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, शुक्ल पक्षात, मुलाला दाईच्या मांडीवर बसवून खेळणी दाखवायची. वैद्याने डाव्या हाताने पाळी ओढून उन्हात धरायची आणि जिथून प्रकाश आरपार येतो ती दैवाने आखून ठेवलेली जागा शोधायची. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा आधी. आमच्या सोनाराने उजव्यापासून सुरुवात केली होती, तेव्हा माझ्या तिरक्या भोकाला आता शास्त्राधार मिळाला. टोचल्यावर कापसाची वात घालायची, कच्चं तेल घालायचं, दर तिसऱ्या दिवशी वात जाड करत न्यायची. आणि जागा चुकली, फार दुखलं, सुजलं, तर? वात काढून घ्यायची. ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठा, जव आणि तीळ वाटून मधतुपात कालवून लेप द्यायचा, पूर्ण भरू द्यायचं, आणि मगच पुन्हा टोचायचं. वात तशीच ठेवून वरून इलाज करत बसू नये, हे त्यांना कळलेलं होतं.

पण मी थबकले ते चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायाशी. जखमेवरचे 60 उपक्रम तिथे सांगितले आहेत. त्यात जखम भरून गेल्यानंतरचेही काही आहेत, आणि त्यांत दोन शेजारीशेजारी येतात. व्रण पांढरा राहिला असेल तर तो काळा करायचं कृष्णकर्म, आणि काळा राहिला असेल तर फिका करायचं पांडुकर्म. पहिल्याला बिब्बे, आधी गोमूत्रात आणि मग दुधात भिजवलेले. दुसऱ्याला रोहिणीचं फळ, सात रात्री शेळीच्या दुधात ठेवलेलं. पुढे त्या जागी केस उगवायची युक्तीसुद्धा आहे. म्हणजे माणूस वाचला, जखम भरली, तरी वैद्याचं काम संपत नव्हतं. आजूबाजूच्या कातडीशी रंग जुळेपर्यंत रोगी त्याच्या दारात येत असणार, आणि वैद्याने त्यांना नटवेपणा म्हणून हाकललेलं दिसत नाही. हे वाचून मला ताईच्या हवालदिलपणाबद्दल जरा आदर वाटायला लागला.

बिब्ब्याचं नाव काढलं तर आत्याने लुगडं किंचित वर करून पोटरी दाखवली. लहानपणी काटा मोडला म्हणून बिब्ब्याचा चटका दिला होता, तो उतला. तळहाताएवढा डाग आहे, मधे पांढुरका, कडेने काळा. सुश्रुताची दोन्ही कर्मं एकाच बिब्ब्याने उरकलेली. बिब्ब्याच्या तेलाने परीट कपड्यांवर खुणा करत, कितीही धुतलं तरी न जाणाऱ्या, ते उगाच नव्हे. तेव्हा हे वाचून कुणी घरी बिब्बे भिजत घालू नयेत.

सावळ्या कातडीची एक खोड आहे. तिला जरा कुठे चिडवलं की ती काळी पडते. डास चावला, फोड फोडला, फिरकी घट्ट बसली, की त्या जागेच्या रंगपेशी जास्तीचा रंग सोडतात. तो वरच्या थरात राहिला तर काही महिन्यांत कातडीबरोबर झडून जातो. खालच्या थरात उतरला तर तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी तो पोटात घेऊन बसतात, मग वर्षानुवर्षं राहतो आणि काळ्यापेक्षा राखाडी, निळसर दिसतो. कधी कधी निळसर ठिपका रंगपेशींचा नसतोच, चांदीचे कण आत मुरल्याचा असतो. तो कुठल्याच मलमाने जात नाही. डागावर सगळ्यात परिणामकारक गोष्टी दोनच, पहिल्यांदा चिडवणारी वस्तू काढणं आणि मग उन्हापासून जपणं. ॲझेलिक ॲसिडसारखी मलमं मदत करतात, पण सावकाश. लोकांना सावकाश नको असतं. ते मेडिकलमध्ये जाऊन डागावर काहीतरी द्या म्हणतात, आणि काउंटरमागचा मुलगा स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन सगळं एकत्र असलेली ट्यूब काढून देतो. चार दिवसांत उजळतं. गिऱ्हाईकही खूश, मुलगाही. महिनोन्‌महिने लावल्यावर कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ उठतं, आणि ट्यूब बंद केली की डाग पहिल्यापेक्षा गडद. त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं याबद्दल ओरडताहेत. मला स्वतःला वाटतं, यातला अर्धा दोष ट्यूबचा आणि अर्धा आपल्या सगळ्यांच्या त्या जुन्या गोरेपणाच्या हौसेचा आहे, जी कानामागच्या वाटाण्याएवढ्या जागेलाही सोडत नाही.

आणि चिडवणारी वस्तू बहुतेक वेळा निकेल असते. आपल्याकडे बायका अगदी सहज सांगतात, "मला खोटं चालत नाही." राजकारणातलं कुणी असं म्हणालं तर हसू येईल, पण कानातल्यांच्या दुकानात ते शब्दशः खरं असतं. खोट्या दागिन्यांत निकेल असतं, घामाने ते सुटतं, आणि ताज्या भोकातून थेट आत पोचतं. एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरलं की ते जन्माचं. मग कान सोडून भलतीकडे त्रास सुरू होतो. बेंबीच्या खाली एक खाजरा काळा चट्टा उठतो आणि वर्षभर मलमं लावूनही जात नाही, तेव्हा जाणता डॉक्टर जीन्सचं बटण बघतो. युरोपात 1994 मध्ये टोचायच्या दागिन्यांतल्या निकेलवर कायद्यानेच बंधन आलं. आपल्याकडे आपली आत्या आहे, जी दुकानदाराला तोंडावर विचारते, "काळं पडणार नाही ना?" तिला दागिना म्हणायचं असतं. दुकानदारही दागिन्याचीच हमी देतो.

तसं पाहिलं तर डागाशी आपलं पूर्वी इतकं भांडण नव्हतं. बाळाच्या गालाला तीट लावतो तो डागच, मुद्दाम लावलेला, कुणाची नजर सगळ्या चेहऱ्यावर न पडता त्यावर अडकावी म्हणून. ज्या घरात मुलगे जगत नसत तिथे नव्या मुलाचं नाक टोचत, नथ घालत आणि त्याला नथू म्हणत. मृत्यू दारात आलाच तर मुलगी समजून परत जावा, असा हिशोब. मुलींच्या जिवाची त्या हिशोबातली किंमत वेगळी सांगायला नको. असे नथू मोठे झाले, नथ निघाली, पण नाकपुडीवरची खूण बुजता बुजत नसे. कुणी ती घालवायला वैद्याकडे गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आपण वाचलो याचा तो पुरावा होता आणि तो चेहऱ्याच्या मधोमध होता.

भाचीचं लग्न ठरलंय. तिच्या आजीची, म्हणजे आमच्या आईची, नथ तिला द्यायची हे ती जन्मली तेव्हाच ठरलेलं. बसऱ्याच्या मोत्यांची, वजनदार, सोन्याच्या तारेची, म्हणजे नाकाला भोक हवं. तिचं नाक टोचलेलं नाही. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, कानाला झालं म्हणून नाकाला होईलच असं नाही, होणार नाही असंही नाही, मी टोचून देणार नाही. आत्याचं म्हणणं, सोनाराकडून टोचू, आपल्या सोनाराच्या हाताने आजवर कुणाला काही झालेलं नाही. माझ्या डाव्या कानाकडे तिने त्या वेळी पाहिलं नाही. भाचीचं म्हणणं, नथीची तार कापून तिला दाबाची करून घ्यावी. यावर ताई रडली. आईची नथ कापायची?

शेवटी आम्ही चौघी नथ घेऊन सोनाराकडे गेलो. आता दुकानावर मुलगा बसतो. त्याने नथ तळहातावर घेऊन दिव्याखाली फिरवली, तार नखाने वाकवून पाहिली, मोती मोजले. "हल्ली सगळ्या दाबाच्याच करून नेतात हो," तो म्हणाला. "टोचायला कुणी येत नाही. पण इथे डाग द्यावा लागेल, तो थोडा दिसणार."

"कितपत दिसेल?" ताई.

"जवळून बघणाऱ्याला दिसेल. पॉलिशने बराचसा मुजतो."

"आणि पुढे कधी परत तारेची करायची झाली तर?" आत्याने विचारलं.

"मग आणखी एक डाग."

भाचीने आपल्या कानामागे हात नेला, ती हल्ली विचार करताना नेते तसा, आणि म्हणाली, "करा." ताई म्हणाली, "थांबा जरा." सोनाराच्या मुलाने नथ डबीत ठेवली, डबी आमच्या आणि त्याच्या मध्ये काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "लग्न कधी आहे?"